मढं उठतं तेव्हा: स्वस्त भयपट आणि खानदेशचा प्रेक्षक

कमी खर्चाचा भयपट तयार होतो मुंबईत, पण तो चालला की पडला याचा निकाल फार पूर्वीपासून मुंबईबाहेर लागत आला आहे. सिनेमाच्या वितरणासाठी देशाचे जे भाग पाडलेले आहेत त्यांना धंद्यात 'सर्किट' किंवा 'टेरिटरी' म्हणतात. सी.पी. बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान ही त्यांतली तीन सर्किटे. या तिन्ही भागांतल्या वितरकांची आणि थिएटरवाल्यांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचे मुख्यालय नागपूरला किंवा इंदूरला असेल असा कोणाचाही अंदाज होईल. प्रत्यक्षात ते भुसावळला आहे.

कारण रेल्वे. मुंबईकडून आलेला लोहमार्ग भुसावळला फुटतो. एक फाटा १८६७ साली नागपूरपर्यंत गेला, दुसरा खंडव्यावरून पुढे सरकत १८७० मध्ये जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला. फिल्मच्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या ज्या काळात पार्सलच्या डब्यातून हिंडत होत्या, त्या काळात वऱ्हाड, नागपूर, माळवा आणि महाकोशल या साऱ्यांना सोयीचे पडेल असे दुसरे ठाणे नव्हते. एका चित्रपटाच्या मोजक्या प्रिंट निघत आणि त्याच गावोगाव फिरत. मोठ्या शहरांत नव्या कोऱ्या प्रिंट लागायच्या. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर अशा गावांच्या वाट्याला त्या यायच्या त्या ओरखडे पडून, मधल्या दहा-वीस फुटांची कात्री लागून, कधी रेल्वेने तर कधी एस.टी.च्या टपावरून. जत्रेतल्या तंबूत त्यापुढची फेरी. तिथे पोचेपर्यंत प्रिंटमध्ये पावसाच्या धारा लागलेल्या असत, आणि भयपटाला त्या शोभूनही दिसत.

या धंद्यात गावांची प्रतवारी ए, बी आणि सी सेंटर अशी होते. तारांकित चित्रपटाचा पैसा ए सेंटरमधून निघतो. स्वस्त भयपटाचे गणित उलटे. त्यात नावाजलेला नट नसतो, त्यामुळे वितरक तो थोड्या पैशांत घेतो. जाहिरात म्हणजे भिंतीवरची पोस्टरे आणि टांग्यावरचा किंवा रिक्षावरचा भोंगा. आणि वसुली होते बी आणि सी सेंटरच्या स्टॉलमधून, त्यातही रात्रीच्या शोमधून. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांच्या पाळ्यांवर जगणाऱ्या भुसावळसारख्या गावात रात्री नऊनंतर मोकळा होणारा माणूस नेहमीच असतो. वितरकाचा प्रतिनिधी थिएटरवर बसून रोजचे कलेक्शन कळवी. 'पहिले तीन दिवस बरे, सोमवारी घसरला' एवढ्या मजकुरात चित्रपटाची समीक्षा आटोपत असे. ती समीक्षा कोरडी होती, पण खोटी नसायची, कारण तिच्यावर पुढच्या गावाचे पैसे ठरायचे.

रामसे घराण्याच्या हिंदी भयपटाचा जन्मच मुळी प्रेक्षकांच्या अशा एका निकालातून झाला. फतेहचंद रामसिंघानी, म्हणजेच रामसे, यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला आले आणि चित्रपटनिर्मितीत पडले. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट १९७० साली आला. दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, म्हणजे 'रणांगण'चे लेखक. मराठी वाचकाला ही जोडी चमत्कारिक वाटेल, पण नोंद तशी आहे. चित्रपट पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला येतात असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम या रामसे बंधूंनी थिएटरात बसून पाहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की बाकीच्या चित्रपटाला कंटाळलेले लोक त्या प्रसंगापुरते सावरून बसतात. वडिलांना त्यांनी गळ घातली की पुढचा चित्रपट अख्खा तसाच करू.

तो चित्रपट म्हणजे १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे'. बायको आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याचा काटा काढतात, त्याला पुरतात, आणि मढे उठून येते. झोंबी हा शब्द तेव्हा इथल्या पोस्टरवर नव्हता, पण चालत्या प्रेताचा हिंदीतला पहिला गाजलेला अवतार हाच म्हणावा लागेल. सात भाऊ, त्यांच्या बायका, आईवडील आणि नट असा सारा लवाजमा बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेला. राहायची आणि चित्रणाची जागा एकच. कॅमेरा गंगू रामसेंकडे, आवाज किरण रामसेंकडे, स्वयंपाक घरच्या बायकांकडे. चित्रणाचे तंत्र भावांनी जोसेफ मॅसेली यांचे एक अमेरिकन पाठ्यपुस्तक वाचून शिकून घेतले होते. सारा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास झाल्याचे रामसे सांगत. नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाची आठवण करून देणारी ही पद्धत पुढे 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८) आणि 'बंद दरवाजा' (१९९०) पर्यंत टिकली.

'पुराना मंदिर'मधला सामरी हा या घराण्याचा सर्वांत नाव काढलेला राक्षस. तो साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर. उंच, रुंद, लांबट चेहऱ्याचे. त्या चेहऱ्यावर मेकअपचा थर कमी लागे, आणि कमी खर्चाच्या चित्रपटात हा फार मोठा फायदा असतो. स्वस्त मेकअप जवळून दिसला की रबर कळते; माणसाचा खराच चेहरा असेल तर कॅमेरा जवळ नेता येतो. रामसेंनी सामरीला जवळून दाखवला. प्रेक्षकांनी त्याच्यासाठी तिकीट काढले, मधला जगदीपचा 'शोले'ची नक्कल करणारा उपकथाभाग मुकाट्याने किंवा हसत सोसला, आणि घरी जाऊन सामरीबद्दलच सांगितले. त्या काळचा स्टॉलमधला प्रेक्षक चित्रपटाचे असे तुकडे पाडून बघत असे. कुठला तुकडा पैसे देण्याजोगा आणि कुठल्या वेळी चहा-विडीला बाहेर जायचे हे त्याला ठाऊक असे, आणि एका चांगल्या तुकड्यासाठी तीन वाईट तुकडे तो माफ करी.

झोंबीपटाची पाश्चात्त्य परंपरा याच्याशी समांतर, पण तिचे मढे वेगळे. हैतीच्या लोकसमजुतीत झोंबी म्हणजे मांत्रिकाने उठवलेला आणि शेतात राबवायला ठेवलेला मुडदा. उसाच्या मळ्यांतल्या गुलामीची ती सावली. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'त तो तसाच आहे. १९६८ साली पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो यांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये मांत्रिक काढून टाकला. मुडदे आपोआप उठतात, जिवंत माणसांना खातात, आणि का उठले याचा नीट खुलासा कोणी देत नाही. खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर, फिल्म कृष्णधवल, जागा म्हणजे गावाबाहेरचे एक रिकामे घर. कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक चालला. वितरकाने ऐनवेळी नाव बदलले तेव्हा नव्या शीर्षकाच्या पाटीवरून स्वामित्वहक्काची सूचना गळली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट सर्वांना मोकळा झाला. निर्मात्यांचे त्यात नुकसानच झाले. पण फुकट मिळतो म्हणून तो जगभर दाखवला गेला आणि झोंबीचे सारे नियम त्याच्यावरून पाठ झाले.

गरीब निर्मात्याला हा राक्षस का आवडला हे उघड आहे. ड्रॅक्युलाला किल्ला लागतो, रामसेंच्या सैतानाला हवेली लागते. झोंबीला लागतात माणसे. शेजारीपाजारी, मित्र, मामेभाऊ यांना फाटके कपडे घालून, तोंडाला पावडर आणि साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग फासून चालायला लावले की राक्षस तयार. संवाद पाठ करायचे नाहीत, अभिनय कच्चा असला तरी तो मेलेल्याचाच. ब्रिटनमध्ये मार्क प्राइस यांनी 'कॉलिन' (२००८) हा झोंबीपट अवघ्या ४५ पौंडांत केल्याचे सांगितले जाते. इतक्या पैशांत धड रामलीलाही उभी राहत नाही.

स्वस्त झोंबीपट फसतो तोही याच गर्दीत. पुढचे दोन-चार जण मन लावून पाय ओढत चालतात. मागच्या रांगेतला कोणी हळूच कॅमेऱ्याकडे बघतो, कोणी हसू दाबतो, कोणाच्या मनगटावर घड्याळ असते. प्रेक्षकाची नजर नेमकी तिथे जाते. दुसरी खोट नियमांची. झोंबी हळू चालतात असे एकदा दाखवले की नायिका धावून ठेचकाळल्यावर ते एकाएकी तिच्यापाशी कसे पोचले, हे कोणीतरी मोठ्याने विचारतोच. चावा घेतला की माणूस किती वेळात बदलतो, हेही प्रेक्षक मनात धरून बसतो. नायकाच्या भावाला दोन मिनिटे आणि नायकाच्या प्रेयसीला अर्धा चित्रपट अशी सवलत त्याला खपत नाही. अंधार ही तिसरी जागा. दिवसा चित्रण करून वर निळी छटा देत काढलेली रात्र झाडाच्या सावल्यांवरून पकडली जाते, आणि खरोखरच्या रात्री पुरेसे दिवे न लावता घेतलेले दृश्य मळकट पडद्यावर काहीच दिसत नाही. दुसऱ्या चुकीवर राग जास्त. पहिलीत निदान काही दिसते.

आवाजाचे मात्र उलट आहे. ज्या चित्रपटाकडे पैसा नाही त्याने आवाजावर खर्च केला तर बाकीचे झाकले जाते, हे रामसेंना पक्के माहीत होते. दाराची करकर, वाऱ्याचा घोंगाट आणि मध्येच पडलेली शांतता एवढ्यावर त्यांनी थिएटरे भरली. थिएटरात भीतीच्या जागी हसूही येते, पण ते दोन तऱ्हांचे. दचकल्यानंतरचे हसू सुटकेचे असते, ते चित्रपटाच्या बाजूने. दचकण्याआधीच आलेले हसू म्हणजे चित्रपट गेला. जुन्या थिएटरवाल्याला ऑफिसात बसून, पडदा न बघता, या दोन हशांतला फरक कळत असे.

तरीही झोंबी भारतात लवकर रुजला नाही, आणि त्याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. आपल्याकडे बहुतेक मढी जाळतात. लहान मुले, संन्यासी, लिंगायत असे काही अपवाद सोडले तर हिंदू घरात उठायला प्रेतच उरत नाही. म्हणून रामसेंना दफनभूमी, तळघरे आणि साखळदंडाने बांधलेल्या शवपेट्या शोधाव्या लागल्या. पहिल्या भयपटाचे नावच दोन गज जमिनीवरून आहे. दुसरे कारण अधिक खोल. मुंजा, हडळ, खवीस, समंध, यांतल्या प्रत्येकाची काहीतरी मागणी असते. कोणाचे लग्न राहिलेले, कोणी बाळंतपणात गेलेली, कोणाचे धन पुरलेले. गावातला माणूस भुताची गोष्ट ऐकताना पहिला प्रश्न विचारतो तो 'त्याला काय पाहिजे?' हाच. वेताळ तर मढ्यात शिरूनही गप्प बसत नाही. राजाच्या खांद्यावरून कोडी घालतो. झोंबी मुका, त्याचे कोणाशी वैर नाही, त्याला नारळ-कोंबडे देऊन वाटेला लावता येत नाही. खानदेशातल्या, किंबहुना कुठल्याही मराठी गावातल्या प्रेक्षकाला हा राक्षस भयंकर वाटण्याआधी अर्धवट वाटतो.

ही अडचण सुटली ती साथीच्या कल्पनेने. डॅनी बॉइल यांच्या '२८ डेज लेटर' (२००२) मध्ये मेलेले उठत नाहीत. जिवंत माणसांना विषाणू लागतो आणि ती धावत सुटतात. बराचसा चित्रपट साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेला, त्याचा कच्चेपणा बातमीच्या चित्रणासारखा वाटला आणि पथ्यावर पडला. आता कबर लागत नव्हती, मांत्रिक लागत नव्हता. २०१३ मध्ये हिंदीत दोन झोंबीपट आले. ल्यूक केनी यांचा 'राइज ऑफ द झोंबी' गंभीर होता आणि फारसा कोणी पाहिला नाही. राज आणि डीके यांचा 'गो गोवा गॉन' विनोदी होता. एका बेटावरच्या पार्टीतल्या अमली गोळीने झोंबी होतात आणि सैफ अली खान खोटा रशियन होऊन त्यांना गोळ्या घालतो. या चित्रपटाने प्रेक्षकांच्या मनातले प्रश्न पात्रांच्याच तोंडी घातले: हे काय आहे, भूत आहे का, भारतात झोंबी कुठून आले? प्रश्न पडद्यावरच विचारला गेल्यामुळे स्टॉलमधून तो विचारायची गरज उरली नाही.

मराठीत हे काम आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने केले. सारेगामाच्या यूडली फिल्म्सची ही निर्मिती कोरोनाच्या निर्बंधांमुळे रखडली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी, थिएटरे अर्धीच भरायची मुभा असताना, लागली. अमेय वाघचा सुधीर हा गरोदर बायकोला घेऊन डोंबिवलीच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेला इंजिनिअर. वैदेही परशुरामी त्याची बायको. ललित प्रभाकरचा विश्वास शेजारच्या झोपडपट्टीतला पोरांचा पुढारी. संसर्ग पसरतो पाण्यातून, आणि त्यामागे बाटलीबंद पाण्याचा धंदा आहे. यामुळे 'त्याला काय पाहिजे?' या प्रश्नाला बगल देऊन चित्रपट 'हे कोणी केले?' या प्रश्नावर येतो, आणि तो प्रश्न इथल्या प्रेक्षकाला चांगला समजतो. तापी उशाशी असून नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहणाऱ्या भुसावळकराला पाण्याच्या गोष्टीतले भय वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्यात सिद्धार्थ जाधवचे 'अंगात आलंया' हे गाणे. झोंबीची वाकडी-तिकडी हालचाल अंगात येण्याशी जोडली गेल्यावर परका राक्षस गावच्या जत्रेत येऊन उभा राहिला.

'झोंबिवली'ला मराठीच्या मानाने बरा खर्च झालेला दिसतो, पण हिंदीच्या किंवा कोरियन 'ट्रेन टू बुसान'च्या (२०१६) पुढे ती गरीबच. गर्दीची दृश्ये अरुंद गल्ल्यांत आणि जिन्यांवर घेतली आहेत. तिथे पन्नास माणसेही पाचशे वाटतात. ही युक्ती कारागिराची आहे, आणि समजूतदार प्रेक्षक तिला दाद देतो. उत्तरार्धात भाषण वाढते, टॉवर आणि झोपडपट्टी यांच्या भांडणाचा धडा पात्रे बोलून दाखवतात, तिथे चित्रपट सैल पडतो. पैसा कमी पडला म्हणून नव्हे, आधीच दाखवून झालेले पुन्हा सांगितल्यामुळे.

पैशाची ओढाताण प्रेक्षक किती सहज माफ करतो याचा सर्वांत मोठा पुरावा खानदेशच्या वेशीवरच आहे. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचे, पण बाजार, बोली आणि मुंबई-आग्रा रस्ता यांनी धुळ्याशी बांधलेले. तिथल्या यंत्रमागांना शुक्रवारी सुटी, आणि सुटीचा मुक्काम सिनेमात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलींवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. त्यात ट्रकच्या बाजूला बांधलेल्या हिरव्या कापडापुढे आडवा धरलेला सुपरमॅन दिसतो, आणि कॅमेरा पाण्यात पडल्यावरची साऱ्यांची तारांबळही. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ने (२०२४) ही कथा देशभर नेली. मालेगावने झोंबी उठवला नाही. पण प्रेक्षकाचे तर्कशास्त्र तेच: सायकलवरचा गब्बर पाहून लोक हसले ते त्याच्यासह, कारण घोडा नाही हे चित्रपटाने लपवले नाही. ज्या स्वस्त भयपटाचे पोस्टर हॉलिवुडचे आणि आतला मुखवटा बाजारातला, त्याला हे प्रेम मिळत नाही.

जपानच्या शिनिचिरो उएदा यांनी यावरच एक अख्खा चित्रपट रचला. 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) सुमारे ३० लाख येनमध्ये, अभिनयाच्या कार्यशाळेतल्या अनोळखी नटांना घेऊन झाला. पहिली ३७ मिनिटे म्हणजे न कापलेला एकच शॉट, आणि त्यात एक रद्दड झोंबीपट: नट मध्येच अडखळतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, कोणीतरी विनाकारण फ्रेमबाहेर निघून जाते. अनेक जण इथेच उठून गेले असतील. पुढच्या भागात तेच चित्रण पडद्यामागून दिसते आणि प्रत्येक चुकीचे कारण उलगडते: कोणी दारू पिऊन पडला आहे, कोणाचे पोट बिघडले आहे, क्रेन मोडली म्हणून माणसांचाच मनोरा उभा राहतो. टोकियोच्या एका लहान थिएटरातून निघालेला हा चित्रपट खर्चाच्या हजारपटीहून अधिक कमाई करून थांबला. ज्या चुकांवर प्रेक्षक हसला होता त्यांच्याच मागची मेहनत पाहून तो दुसऱ्यांदा हसतो, आणि या वेळी नटांच्या बाजूने.

भुसावळच्या सर्किटमधली रिळांची पेटी आता गेली. यूएफओ आणि क्यूबसारख्या डिजिटल यंत्रणांनी चित्रपट एकाच शुक्रवारी सगळीकडे पोचू लागला, ओरखड्यांची प्रिंट इतिहासजमा झाली, आणि तिच्याबरोबर स्वस्त भयपटाची गावोगाव रेंगाळणारी दुसरी-तिसरी फेरीही. एकपडदा थिएटरे बंद होत गेली. रामसेंची भुते १९९३ पासून 'झी हॉरर शो'तून घरात शिरली होतीच. आता तीच फोनवर फुकट मिळतात. मालेगावचा 'छोटू दादा' आणि त्याच्यासारखे यूट्यूबवरचे कलाकार मधूनमधून भुताटकीचे प्रहसन करतात तेव्हा प्रेक्षक तिकीट काढत नाही, पण निकाल पूर्वीपेक्षा लवकर देतो. सोमवारपर्यंत थांबायची त्याला गरज नसते. पहिल्या काही सेकंदांत अंगठा फिरतो. सोसण्याची ती जुनी सवय, चार तुकड्यांतला एक चांगला निघेपर्यंत बसून राहण्याची, थिएटरबरोबरच कमी झाली.

'झोंबिवली'नंतर मराठीत झोंबीपटांची रांग लागली नाही. सरपोतदार यांनी पुढे हिंदीत, जून २०२४ मध्ये, 'मुंज्या' केला. कोकणातल्या गावचे, मुंजीच्या वयात मेलेल्या मुलाचे भूत, पिंपळाला चिकटलेले, आणि त्याची मागणी स्वच्छ: त्याला लग्न करायचे आहे. या भुताचा चेहरा संगणकावर घडवला होता, चित्रपटात मोठा तारा नव्हता, आणि त्याने शंभर कोटींच्या वर गल्ला केला.